वाढत्या अंगाचं पितळ

गावी कुणी विचारलं, दोह्यात काय काम करतोस, तर मी सांगतो, पितळेचं. लोकांना वाटतं भांड्यांचं दुकान असेल, आणि मी त्यांना तसं वाटू देतो. खरं फक्त एकदाच सांगितलं होतं, माझ्या चुलत्यांना. बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या मोजतो म्हटल्यावर ते उठले, दार लोटून आले आणि हळूच म्हणाले, “कोणाशी भांडान हाय त्यांचा?” त्यानंतर मी पितळेवरच थांबतो.

भांडण कुणाशीच नाही. शहराबाहेर, जिथे वस्ती संपून नुसती वाळू आणि विजेचे खांब उरतात, तिथे नेमबाजीचा एक क्लब आहे. तिथले लोक लांबवर लावलेल्या कागदी वर्तुळांवर रायफलीने गोळ्या झाडतात. गोळी उडून जाते, पितळेची पुंगळी मागे राहते. बाकीच्या जगात ती भंगारात जात असेल; आमच्याकडे ती धुतात, डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून पुन्हा मापात आणतात, तोंड कातून लांबी नीट करतात आणि परत भरतात. भरायचं काम आमचा मुदीर, म्हणजे साहेब, कुलूपबंद खोलीत स्वतः करतो. त्या खोलीत आम्हाला मज्जाव आहे आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही. मी मोजणारा माणूस. रत्नागिरीकडच्या आयटीआयमध्ये लांबी मोजायचा व्हर्नियर हातात आला तो अजून सुटलेला नाही.

आता यात मोजायचं काय, असं माझी बायको लग्न झाल्यापासून विचारते. तर त्याचं असं आहे. पुंगळी झाडली की आतल्या दाबाने फुगते. फुगलेली पुंगळी डायमध्ये दाबली की पितळ मानेकडे सरकतं, कणकेचा उंडा मुठीत दाबल्यावर वर येतो तसं, आणि पुंगळी थोडी लांब होते. थोडी म्हणजे डोळ्याला कळणारही नाही इतकी. पण रायफलीत तिच्यासाठी केलेली जागा तेवढीच राहते. मग पुंगळीचं तोंड पुढे जाऊन अडकतं, गोळीला आवळून धरतं, गोळी सुटायला कुरकुरते आणि आतला दाब नको तितका चढतो. रायफलीला ज्याने गाल टेकलेला असतो त्याच्यासाठी ही काही चांगली बातमी नव्हे. म्हणून मी टेबलापाशी बसून पुंगळ्या मोजतो. बूड एका जबड्याला, तोंड दुसऱ्याला, आणि पुंगळी बोटाने हलकेच फिरवायची. दाबायचं नाही. दाबणाऱ्याला व्हर्नियर त्याच्या मनातलाच आकडा दाखवतो.

भरून झालेलं काडतूसही परत माझ्याकडेच येतं. त्याची लांबी टोकापासून घेतली तर फसगत होते, कारण गोळीचं टोक बेभरवशाचं. एकाच डब्यातल्या गोळ्यांची टोकंसुद्धा कमीजास्त असतात. म्हणून जबड्याला एक छोटा बुश, म्हणजे भोकाचं कडं, लावायचा. तो टोकाला न टेकता खाली, जिथे गोळीचं अंग भरायला लागतं, तिथे टेकतो. बुडापासून तिथवर मोजायचं. हे मला मुदीरने शिकवलं. मुदीर फौजेतून निवृत्त झालेला, उंच, पांढऱ्या दाढीचा कतरी माणूस. तो चिडला की अरबी बोलतो, खूष असला की हिंदी आणि कागदावर सही करायची असली की इंग्रजी. मी त्याच्याशी कामचलाऊ हिंदीत बोलतो. क्लबात सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिंदी, इंग्रजी आणि यल्ला-खलास. मराठी घरी गेल्यावर. तिथेही मुलीला मी मराठीत हाक मारतो आणि ती इंग्रजीत ओ देते.

म्हणून कातकामाला नवा टर्नर येणार, तो सांगलीकडचा आहे, असं कळलं तेव्हा मी मनातल्या मनात नाचलो. वरून दाखवलं काही नाही.

तो आला तेव्हा ऑगस्टचा दमट उन्हाळा होता. माणूस आडवा, काळासावळा, मिशीला पीळ, आणि हातात कापडात गुंडाळलेला स्वतःचा व्हर्नियर. मी म्हटलं, “या मिस्त्री.” त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जशी वाळवंटात विहीर सापडावी. “भाई, तुमी मराठी?” मी म्हटलं, मी रत्नागिरीचा मुसलमान, आमची मराठी तुला कळली तर बघ. “कळंल की. न कळायला काय झालं? माणसंच हायसा न्हवं?” तेव्हापासून आम्ही दुपारचे डबे एकत्र उघडू लागलो. तो बरवा अल बराहा या कामगारवस्तीत राहायचा, एका खोलीत बरेच जण, स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या. त्याच्या पाळीला ज्वारीची भाकरी असायची. मी म्हणायचो, मिस्त्री, ही भाकरी ड्रममध्ये पुंगळ्यांबरोबर फिरवली तर त्या पॉलिश होतील, पावडर नको. तो माझ्या तांदळाच्या भाकरीला रुमाल म्हणायचा. माशाला मात्र नावं ठेवायचा नाही, मागून घ्यायचा.

त्याचं प्रोबेशन तीन महिन्यांचं होतं. त्याआधी तो इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्यात होता, पत्र्याच्या शेडमध्ये, आणि इथे जमलं नाही तर परत तिथेच जाणार होता. पण त्याला शेडचं काही वाटत नव्हतं. “ऊन काय, सांगलीतबी हाय,” म्हणायचा. त्याला हवं होतं ते वेगळंच. इथे कायम झाला तर कागदावर त्याचा हुद्दा बदलणार होता, आणि त्या हुद्द्यावर बायकोला महिनाभर भेटीला आणता येणार होतं. लग्न झालं आणि पाठोपाठ तो आखातात आला. वर्षा-दोन वर्षांनी सुट्टी, सुट्टीत कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, रानातली कामं, की लगेच परतीचं तिकीट. “आमी दोघं नुसती दोघंच आसं कवाच ऱ्हायलो न्हाई, भाई,” हे त्याने मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं, भाकरीचा तुकडा मोडता मोडता, माझ्याकडे न बघता. बायकोला त्याने सांगून टाकलं होतं की दिवाळीनंतर तू येणार. तिने पासपोर्ट काढलासुद्धा होता.

त्याचा हात बघावा असा होता. क्लबातलं कातायचं हातयंत्र आधी जरा डुगडुगायचं. त्याने पहिल्याच दिवशी ते खोललं, पुसलं, कुठेतरी एक पातळ पत्र्याची पट्टी घातली, आणि ते मुकाट चालू लागलं. पुंगळी धरायची, दांडा फिरवायचा, तोंडावरून पितळेची बारीक भुकटी पडायची, मग आतून-बाहेरून बर, म्हणजे कातल्यावर राहिलेली बारीक धार, काढायची. त्याच्या हातची पुंगळी बोटाला गुळगुळीत लागायची. मी मोजायचो तर सगळ्या सारख्या. मुदीरने एकदा ओळीने उचलून बघितल्या आणि हिंदीत म्हणाला, “अच्छा आदमी.” मी मिस्त्रीकडे बघितलं. तो मिशी चोळत होता.

गडबड होती ती एकाच ठिकाणी, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसली नाही, याचा मला त्या दिवसांत फार राग आला. आमच्या भिंतीवर दोन आकडे लिहिलेले आहेत. वरचा म्हणजे पुंगळीने याच्यापुढे जायचं नाही. खालचा म्हणजे कातायची ती इथपर्यंत. मिस्त्रीने ते दोन आकडे कारखान्यातल्या ड्रॉइंगवरच्यासारखे वाचले: या दोघांच्या मधे कुठेही आलं की माल पास. आणि जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस अशा वेळी कुठे थांबतो? वरच्या अंगाला. जास्त राहिलं तर परत कातता येतं, कमी झालं की भंगार. त्याच्या उस्तादाने हे त्याला टपल्या मारून शिकवलं होतं. तेव्हा तो प्रत्येक पुंगळी वरच्या आकड्याच्या जेमतेम आत ठेवायचा, हात राखून. व्हर्नियरला तक्रार नव्हती आणि मलाही नव्हती.

मग त्या पुंगळ्या एकदा झाडल्या गेल्या, धुऊन आल्या, डायमधून निघाल्या आणि माझ्या टेबलावर आल्या. मी मोजायला घेतल्या. पहिली लांब. दुसरी लांब. मी व्हर्नियर शून्यावर आणला, पुसला, परत लावला. तिसरीही लांब. डब्यातली बहुतेक प्रत्येक पुंगळी वरच्या आकड्याच्या पलीकडे गेली होती. एरवी एकदा कातलेली पुंगळी बऱ्याच वेळा झाडावी लागते तेव्हा कुठे परत कातायला येते. आणि त्या दिवशी संघाच्या निवडीची तयारी चाललेली, एक बाई नेमबाज बाहेर रायफल काढून बसलेली, मुदीर दर थोड्या वेळाने दारातून डोकावून “यल्ला, यल्ला” करत होता.

मी सांगितलं, देता येणार नाही. सगळ्या लांब आहेत.

मुदीर अरबीत बोलला. मला सगळं कळलं नाही, पण आवाजावरून कळायचं ते कळलं. बाईंनी रायफल पिशवीत घातली आणि त्या दिवसाचा सराव बुडाला. संध्याकाळी मुदीरने मला खोलीत बोलावलं आणि इंग्रजीत विचारलं, म्हणजे सहीचं प्रकरण होतं: चूक तुझ्या मोजण्यात आहे की त्याच्या हातात? मी म्हटलं, चूक नाही, समजुतीचा घोळ आहे. तो म्हणाला, “काठावर थांबणारा माणूस एक दिवस काठ ओलांडतो. महिनाअखेरीला मला सही करायची आहे. त्याला समजलं तर बरं, इन्शाल्ला. नाही समजलं तर खलास.”

मला राग लवकर येतो, आणि ज्याच्यासाठी वाईट वाटतं त्याच्यावरच आधी येतो. मी तसाच मिस्त्रीकडे गेलो.

“तुला खालचा आकडा दिसत नाही काय? तिथवर कातायचं, तिथवर!”

“आत हाय न्हवं? दोन्हीच्या मधी हाय. तुमीच पास केलाय.”

“अरे पण ती वाढते!”

“काय वाढतं?”

“पुंगळी! पितळ! झाडलं की लांब होतं!”

तो हसला. खरंच हसला, मिशीतल्या मिशीत, आणि मग माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. “भाई, मी आज लेथवर न्हाई चढलेलो. धातू घासतो. झिजतो. शाफ्ट झिजतो, बेअरिंग झिजतं, दाराची कडी झिजती. कमी हुतंय ते हुतंय. वाढतंय कुठं? झाड हाय का ते?”

“डायमध्ये दाबल्यावर वाढतं.”

“मग डायमधी खराबी आसंल. नायतर तुमच्या व्हर्नियरमधी.”

माझ्या व्हर्नियरला नाव ठेवल्यावर मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोही बोलला. त्याने मला मासेखाऊ म्हटलं आणि मी त्याला ऊसखाऊ म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही डबे वेगवेगळ्या टेबलांवर उघडले. माझ्या डब्यात सुरमई होती आणि मला ती गोड लागली नाही.

घरी मी तोंड फुगवून बसलो. बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, “तुमी त्याला सांगताव, दाखवलाव कुठं?” मी म्हटलं, सांगितल्यावर कळायला नको? “तुमाला तरी कुठं सांगितल्यावर कळता?” ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. रागाचा उतारा आमच्या घरात असा मिळतो.

सकाळी मी मुदीरकडे गेलो आणि एक पुंगळी मागितली. एकच. तो खांदे उडवून हो म्हणाला. मी मिस्त्रीला म्हटलं, “ही तू निवड. खूण तू कर. मोज तू, तुझ्या व्हर्नियरने. माझा मी खिशात ठेवतो.” त्याला डाव काय आहे कळेना, पण आव्हान दिल्यावर सांगलीचा माणूस मागे सरत नाही. त्याने पुंगळी निवडली, बुडाला काळ्या पेनने खूण केली, कापडातून आपला व्हर्नियर काढला आणि मोजली. वरच्या आकड्याच्या आत, नेहमीसारखी. मुदीरने ती कुलूपबंद खोलीत नेऊन भरली, आमच्या डोळ्यांसमोर लेनवर जाऊन स्वतः झाडली आणि बाहेर पडलेली पुंगळी उचलून मिस्त्रीच्या तळहातावर ठेवली. ती अजून कोमट होती.

“निवू दे पूर्ण,” मी म्हटलं, “नाहीतर म्हणशील गरम होती म्हणून वाढली.”

आम्ही कडक चहा घेतला. पुंगळी दोघांच्या मधे टेबलावर उभी. मग त्याने ती पुसली, डायमध्ये स्वतः दाबली, स्वतः काढली, आणि व्हर्नियर लावला.

त्याने आकडा बघितला. व्हर्नियर बंद करून शून्य बघितलं. परत लावला. पुंगळी फिरवली, परत फिरवली. तोंडावर बर राहिली असेल म्हणून नखाने चाचपलं. मग माझ्यापुढे हात पसरला, आणि मी खिशातून माझा व्हर्नियर काढून दिला. त्यानेही तोच आकडा दाखवला.

“भाई,” तो म्हणाला, “हे वाढलं की ओ.”

तो स्टुलावर बसला. हरल्याचा त्याच्या तोंडावर काही लवलेश नव्हता. गावात हत्ती आल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्याचा झाला होता. ती पुंगळी तो दोन बोटांत धरून उजेडात फिरवत होता. मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणाला, “वाढत्या अंगाचं हाय हे! आमची आय आमाला शाळंची चड्डी वाढत्या अंगाची शिवायची, दोन वर्सं गळ्यापतूर यायची. मला वाटलं हितंबी तसंच, वाईच जास्त ठिवावं. पर हितं सगळं उलटं हाय. अंग हाय तेवढंच ऱ्हातंय आन् चड्डीच वाढतीया! मंग आखूडच शिवाय पायजे की!”

मी इतका हसलो की मुदीर बघायला आला. त्याला चड्डीचं हिंदीत समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली, पण समजल्यावर तोही हसला, आणि मुदीरला हसताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

डोक्याला कळलं म्हणून हाताला कळतं असं नाही. निवडीच्या सामन्यासाठी नवी पुंगळ्यांची बॅच कातायची होती, आणि मुदीर त्यावरूनच ठरवणार हे तिघांनाही माहीत होतं. मिस्त्रीने यंत्राचा स्टॉप, म्हणजे कातणं जिथे थांबतं तो अडसर, खालच्या आकड्याला लावला. पहिली पुंगळी कातली. मी मोजली: वर. त्याने स्टॉप परत लावला. दुसरी मोजली: अजून वर, जराशीच, पण वर. स्टॉप घट्ट करताना त्याचा हात शेवटच्या क्षणी आपोआप थोडा मागे फिरत होता. त्याला ते कळत होतं, कपाळावर घाम आला होता, आणि खोलीत एसी जोरात चालू होता.

“ऐकत न्हाई ओ हात,” तो म्हणाला. “त्याला वाटतंय भंगार हुतंय.”

मला भीती वाटत होती. या माणसाची बायको पासपोर्ट घेऊन बसली आहे आणि हा एका स्क्रूपाशी अडला आहे, असं मनात येत होतं, आणि मनातल्या मनात मी दुआ मागत होतो. एवढ्यात त्याने पाना माझ्यापुढे केला.

“तुमी लावा.”

टर्नरने आपल्या मशीनची सेटिंग दुसऱ्याला करू देणं म्हणजे काय, हे ज्याने कारखाना पाहिलाय त्याला विचारा. माझ्या ओळखीतले टर्नर जेवायला जाताना मशीनवर फडकं टाकून जातात, कुणी हात लावू नये म्हणून. मी पाना घेतला. स्टॉप खालच्या आकड्याला आणला, घट्ट केला, बाजूला झालो. त्याने तिसरी पुंगळी लावली, मान फिरवून भिंतीकडे बघितलं आणि दांडा फिरवला. भुकटी नेहमीपेक्षा जास्त पडली. मी मोजली आणि म्हटलं, “बरोबर.” त्याने सोडलेला श्वास मला ऐकू आला. पुढच्या काही पुंगळ्या त्याने भिंतीकडे बघूनच कातल्या. मग हळूहळू मान वळली. संपूर्ण डबा झाला तेव्हा तो गाणं गुणगुणत होता आणि मला म्हणत होता, “काय मासेखाऊ, जमतंय का न्हाई?”

त्या पुंगळ्या भरल्या गेल्या, झाडल्या गेल्या, परत आल्या, डायमधून निघाल्या. या वेळी मोजायला मुदीर माझ्या शेजारी बसला. प्रत्येक पुंगळी वाढली होती, आणि वाढूनही वरच्या आकड्यापासून चांगली लांब होती. मुदीर काही वेळ मोजत राहिला, मग कंटाळला. “ज़ेन,” म्हणाला, म्हणजे छान, आणि उठून गेला. त्या सामन्यात निवड कुणाची झाली हे मी विचारलंही नाही. मला दुसऱ्याच निवडीची पडली होती. महिनाअखेरीला मुदीर मिस्त्रीला बोलावून त्याच्याशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलला. मिस्त्रीला इंग्रजी बेताचं, पण तो बाहेर आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं.

राहता राहिला प्रश्न जागेचा. बरवात सगळे एकटे पुरुष, तिथे बायकोला कुठे ठेवणार? तो एखादी खोली शोधायच्या गोष्टी बोलू लागला, तेव्हा माझ्या बायकोने मला न विचारताच ठरवून टाकलं. आम्ही अल थुमामात राहतो, डोक्यावरून विमानं जातात, घर लहान आहे, पण मुलीला स्वतंत्र खोली आहे. मुलीने “व्हेअर विल आय स्टडी?” विचारलं आणि आईने “हॉलमधी,” असं सांगून विषय संपवला. मग ती जाऊन नवा तवा, नवी कढई आणि दोन पातेली घेऊन आली. पाहुणीच्या मनात काही यायला नको म्हणून तिचं वेगळं, असं ती म्हणाली. मी ती भांडी फळीवर लावून ठेवली.

विमानतळावर मी गाडी घेऊन गेलो. ती आली, सडपातळ, अंजिरी रंगाची साडी, आणि बरोबर दोरीने बांधलेला एक खोका. मिस्त्री पुढे झाला, खोका घेतला. “आलीस?” म्हणाला. “आले,” ती म्हणाली. गाडीत तो पुढे बसला आणि ती मागे. वाटेत मी एकटा बोलत होतो. हा स्टेडियम, तो समुद्र त्या बाजूला.

घरी चहा झाला. माझ्या बायकोने दोघांना मुलीच्या खोलीत बसवलं आणि दार अर्धं लोटलं. आतून आवाज नाही. मी पाणी देण्याच्या निमित्ताने डोकावलो. ती पलंगाच्या कडेला, हा मुलीच्या खुर्चीत, दोघंही समोरच्या भिंतीवर लावलेलं शाळेचं वेळापत्रक वाचत बसलेले. मला राग आला. इतकी धडपड केली, मशीन दुसऱ्याच्या हातात दिली, आणि आता तोंडात मिठाची गुळणी? मी बायकोला तसं म्हटलं. तिने डोळे वटारले. “तुमी गप ऱ्हाव.”

संध्याकाळ व्हायला आली, मशिदीतून मगरिबची अजान झाली. मी नमाज आटोपून बाहेर आलो तर मिस्त्री चपला घालत होता.

“भाई, जरा खुबूस घिऊन येतो.”

खुबूस म्हणजे इथली रोटी, आणि आमच्याकडे तर भाकऱ्या करून ठेवलेल्या होत्या. मी तसं म्हणणार, तर बायकोने मला कोपराने ढोसलं. “हाव, आणा,” ती म्हणाली. तो जिना उतरून गेला.

थोड्या वेळाने मुलीच्या खोलीत फोन वाजला. “हां, बोला,” मिस्त्रीची बायको म्हणाली, आणि त्या आवाजाने मी आणि बायको, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा आवाज आम्ही दिवसभर ऐकलेला नव्हता. मोकळा, ठसकेबाज, घरभर जाणारा. ती प्रवासाचं सांगू लागली. विमानात शेजारी कोण होतं, पोटात कसं ढवळलं, म्हैस कुणाकडे सोपवली, खोक्यात काय काय आणलंय. मधेच हसायची. मी खिडकीशी गेलो. खाली गाड्यांच्या मधल्या जागेत मिस्त्री येरझाऱ्या घालत होता, एक हात कानाशी, दुसरा हवेत. बकाल्यावरून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानावरून, दोनदा गेला, आत शिरला नाही. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी, जेवणाच्या पाळीआधी, ही दोघं अशीच फोनवर बोलत आली होती. समोरासमोर बसायची त्यांना सवयच लागली नव्हती.

खोलीतून आवाज आला, “आवो, मग सांगायचं की तवाच! एवढा येळ म्होरं बसला हुता न्हवं?” आणि मग ती लाजून हसली, ते हसू आमच्या हॉलमध्ये अभ्यासाला बसलेल्या मुलीनेही ऐकलं. तिने पुस्तकातून डोकं वर काढून आईकडे पाहिलं. “लेट देम टॉक, अम्मी,” ती म्हणाली, कुणी काही म्हटलेलं नसताना. बायकोने गॅस बारीक केला. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही, आणि मी उगीच टेबलावरच्या वाट्या इकडच्या तिकडे करत राहिलो.

बराच वेळ गेला. मग बेल वाजली. मी उठणार, तेवढ्यात ती खोलीतून बाहेर आली आणि बोलत बोलतच तिने दार उघडलं. दारात मिस्त्री, हातात खुबूस नाही, फोन कानाला. तिचाही फोन कानाला. दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. कुणाच्याच हातून फोन खाली येईना.

“या आत,” ती फोनमध्ये म्हणाली, आणि त्याने ते कानाला फोन लावूनच ऐकलं.